भिंतीची ओटी

"साहेब, मी पंकज बोलून राह्यलो, बोथवरून. मथुराबाईचा पोरगा. आई परवापासून जेवली नाई. म्हंते, साहेबाले बलाव, मले जबानी द्यायची हाय."

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. जबानी हा शब्द आजोबा गेल्यापासून मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आमचे आजोबा निजामाच्या अमदानीत आदिलाबादच्या तहसिलीत पेशकार होते. लोक त्यांच्यापुढे जबानी द्यायचे आणि ते ती उर्दूत उतरवून घ्यायचे. मी मात्र काँक्रीटचा माणूस. माझ्यापुढे आजवर जबानी दिली ती सिमेंटच्या ठोकळ्यांनी, तीही मशीनमध्ये फुटता फुटता.

"कोणती मथुराबाई?" मी विचारलं.

"भिंतीतली, साहेब," तो म्हणाला.

मग मी अर्धी दाढी तशीच ठेवून साबण पुसला. बायकोला, चारुशीलाला, जेमतेम दोन वाक्यांत सांगितलं, तर ती माझ्या आधी चपला घालून दारात उभी.

"तुमी एकटे गेले तर त्या बाईले तासभर लेक्चर देऊन याल आनि ती उपाशीच राहील," ती म्हणाली. नोकरीच्या गावी चौतीस वर्षं शुद्ध पुस्तकी मराठी बोललेली ही बाई निवृत्तीनंतर आदिलाबादला परत आल्यापासून माहेरच्या बोलीवर आली आहे, विशेषतः मला टोमणे मारताना.

लेक्चरचं ती म्हणाली ते खोटं नाही. मी अणुवीज केंद्रांच्या बांधकामावर गुणवत्ता तपासणारा इंजिनियर होतो, आणि गावी आल्यापासून भेटेल तो माणूस मला एकच प्रश्न विचारतो: "गोपाळराव, त्याच्यावर बॉम्ब पडला तर?" बँकेतला कॅशियर विचारतो, केस कापणारा विचारतो. मी सांगायला लागतो की बाहेरून येणाऱ्या धोक्यासाठी बाहेरची भिंत असते, पण आमची खरी काळजी आतली असते. आत पाइप फुटला, वाफ कोंडली, वायू पेटला तर जो दणका बसेल तो पोटात घेऊन उभी राहणारी दुसरी भिंत आत असते. ती गोल असते, वर घुमट असतो. कोपरा कुठेच नाही, म्हणून दणका एका जागी साचत नाही, चहूकडे सारखा वाटला जातो. एवढं होईपर्यंत केस कापणाऱ्याचं दुसरं गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असतं.

नेरडीगोंड्याला हायवे सोडून आम्ही आत वळलो आणि दहाच्या सुमारास बोथला पोचलो. पंकज चौकात उभाच होता. त्याचं भाजीचं दुकान आहे आणि घरामागे एकरभर मळा. वांगी, चवळी, कोथिंबीर. दुकान त्यानं त्या दिवशी उघडलंच नव्हतं.

"झालं काय नेमकं?" मी विचारलं.

"काई नाई साहेब, परवा टीव्हीवर दाखवून राह्यले होते. कुठंतरी परदेशात लढाई चालू हाय आनि तिथल्या अणुकेंद्राजवळ गोळे पडले म्हने. घुमट दाखवला, धूर दाखवला. आईनं पाह्यलं आनि ताट सरकवून उठली. बोलेच ना. काल म्हने, साहेबाचा नंबर काढ. उद्धवराव मुकादमाच्या पोराकडून काढला."

बातम्या तेलुगूत होत्या, पण धूर सगळ्यांना सारखाच कळतो.

ओसरीत बाजेवर मथुराबाई बसली होती. पूर्वीइतकीच काटकुळी, केस तेवढे पांढरे. कपाळ मोकळं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं, तर भिंतीवर दादाजीचा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. दादाजी म्हणजे तिचा नवरा. आमच्याच साइटवर काँक्रीट दाबून बसवायचं यंत्र चालवायचा. तीन वर्षं झाली म्हणे जाऊन. मला पत्ताही नव्हता.

"साहेब," ती उठत म्हणाली, "भिंत हाय ना?"

बसा नाही, पाणी नाही, सोळा वर्षांनी भेटून कसे आहात हे नाही. पहिला प्रश्न हाच.

"हाय," मी म्हणालो. माझीही बोली आपोआप खाली उतरली. "रिटायर व्हायच्या आधी गेलो होतो. हात लावून आलो."

"कुठं हात लावला?"

"म्हंजे?"

"तिथं लावला का, जिथं म्या ओटी ठेवली होती?"

आता ही ओटीची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. केंद्राचं नाव घेत नाही. घेतलं तर कुणीतरी नकाशा काढून बसेल.

तिथं उद्धवराव नावाच्या मुकादमानं बोथ-इंद्रवेल्लीकडची चाळीस माणसं कामाला आणली होती. बाकीचे साहेब लोक मजुरांशी हिंदीत बोलायचे. आपल्या जिल्ह्याची माणसं पाहून मला मात्र चेव आला. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सळयांच्या जाळीसमोर बसवलं आणि आमच्या बोलीत समजावलं की ही भिंत कशासाठी. "लोहाराले गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतानी पाह्यलं ना? तापवून चढवते, वरून पानी टाकते, धाव आकसते आनि चाकाले अशी आवळते की खड्ड्यात आदळलं तरी आरे निखळत नाईत. तसेच या भिंतीच्या पोटातून पोलादी दोर जाते. काँक्रीट घट्ट झालं की ते दोर ताणायचे आनि ताणूनच अडकवून ठेवायचे. मंग भिंत रात्रंदिवस आवळलेली राह्यते. आतून दणका बसला तर त्याले आधी हा आवळ सोडवा लागते, तवा कुठं भिंतीले ताण पडन." माणसं माना डोलवत होती. मग माझ्या जिभेला आणखी जोर आला. "ही भिंत म्हंजे पोटात आग घेऊन उभी राहनारी बाई हाय," मी म्हणालो. "तिच्या पोटातलं पोटात राह्यलं पाह्यजे. म्हनून तिच्यात कचरा चालत नाई. काडीबी चालत नाई."

मथुराबाईचं काम तेच होतं, कचरा वेचायचं. काँक्रीट ओतायच्या आधी ती सळयांच्या जाळीत उतरायची. हातात काठीला बांधलेलं लोहचुंबक आणि कमरेला डबा. तारांचे तुकडे, विड्यांची थोटकं, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या शर्टाचं बटण. अंगानं बारीक म्हणून जिथं दुसऱ्या कुणाचा खांदा जात नसे तिथं ती जायची. डबा भरून वर आली की मला दाखवायची, मी बॅटरी मारून आत बघायचो आणि सही करायचो. सव्वा वर्षात तिनं साफ केलेल्या जाळीत मला एक काडी सापडली नाही. दुसऱ्या कुणाबद्दल मी असं लिहून देणार नाही, स्वतःबद्दलही नाही.

जानेवारी महिना होता. त्या टप्प्याची ढलाई, म्हणजे काँक्रीट ओतायचं काम, पहाटेच सुरू झालेलं. दहाच्या सुमाराला मी वरच्या फळीवर घड्याळ बघत उभा होतो. पंपाचा आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. मथुराबाई फळ्यांवरून धावत आली.

"साहेब, थांबवा!"

"काय?"

"मशीन थांबवा. म्या आत ओटी ठेवली हाय."

मला खरंच काही कळलं नाही. ओटी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, पण तिथं, त्या जागी, तो शब्द डोक्यात शिरेना. तिच्या मागून उद्धवराव येत होता आणि मला हातानं खुणावत होता की बाई बरळते आहे, सोडून द्या. ती मला सांगायच्या आधी त्याच्याकडे गेली असणार आणि त्यानं गप्प राहा म्हटलं असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्याचंही बरोबर होतं. चाळीस माणसांची रोजी त्याच्या जिवावर होती.

"तुमी पाहून गेले, सही केली, मंग म्या ठेवली," ती म्हणाली. "खणात बांधून. पाइपाच्या मागं. सुपारी, हळकुंड, बदाम, खारीक, खोबरं. तांदूळ नाई टाकले साहेब. तांदूळ सांडले तर साफ कोन करन?"

"अगं, पण काऊन?" मी किंचाळलो.

"तुमीच तं म्हनले, पोटात आग घेऊन उभी राहनारी बाई हाय. सातव्या म्हयन्यात पोरीची ओटी भरतेत. हिची कोन भरन? हिले कोन हाय?"

ते ठेवताना तिला जे सुचलं नव्हतं ते त्या सकाळी सुचलं होतं. मी नव्या मजुरांना तेच लेक्चर देत होतो आणि तिनं पाठीमागून ऐकलं होतं: मुठीएवढी चिंधी आत राहिली तर काँक्रीट तिच्या भोवतीनं जातं, आत पोकळ राहतं, आणि दणका बसला की तो पोकळ जागा शोधतो.

मी तिला चाळीस माणसांदेखत काय काय बोललो ते लिहीत नाही. अक्कल काढली, गाव काढलं. मग पंप थांबवला. ओतलेल्या थरावर पुढचा थर वेळेत पडला नाही तर दोघांमध्ये सांधा राहतो, आणि त्या भिंतीत तसला सांधा चालत नाही. माझ्याकडे चाळीस मिनिटं होती. खालून काँक्रीट वर येत आलेलं आणि ते बोचकं त्याच्या वर कमरभर उंचीवर, ज्यातून दोर जातात त्या पाइपामागे. तिथं पुरुषाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

"मीच उतरतो," ती म्हणाली, आणि डोकं खाली, पाय वर अशी जाळीत उतरली. मी वर घड्याळावर डोळा ठेवून ओरडत होतो, "आलं का? सगळं आलं का?" एकोणिसाव्या मिनिटाला खालून आवाज आला, "आलं!" आणि पाठोपाठ हात वर आला. हिरव्या खणाचं बोचकं. मी ते न बघताच खिशात कोंबलं आणि पंप चालू करायला सांगितला. नंतर रजिस्टरमध्ये लिहिलं: बाहेरील वस्तू आढळली, पूर्णपणे काढली, काम एकोणीस मिनिटं थांबलं. खाली सही.

तिला कामावरून काढा असं वरून दोनदा सांगण्यात आलं. मी काढलं नाही, एवढंच माझ्या बाजूला. पण धन्यवादाचा शब्द काही तोंडातून निघाला नाही. पुढे आठ महिने ती रोज डबा घेऊन माझ्यापुढे उभी राहायची आणि मी रोज बॅटरी मारून सही करायचो. मग तो टप्पा संपला आणि उद्धवरावची टोळी दुसऱ्या कामावर निघून गेली.

ती ही मथुराबाई. ओसरीत चारुशीला तिच्या शेजारी बाजेवर जाऊन बसली होती.

"माह्यी आता जबानी घ्या," मथुराबाई म्हणाली. "साहेब, त्या दिवशी सगळं नव्हतं आलं."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"हात लावला तशी गाठ सुटली. खारीक आली, बदाम आला, हळकुंड, खोबरं आलं. सुपारी घरंगळली. मले दिसली बी, खाली, काँक्रीटच्या वर अशी बसली होती. हात पोचे ना. तुमी वरून वरडून राह्यले होते, आलं का, आलं का. माह्यं डोकं खाली, डोळ्यापुढं अंधारी. म्या म्हनलं आलं." तिनं पदर हातात गच्च धरला होता. "सोळा वर्स झाले. कुठं काई फुटलं म्हनून टीव्हीवर आलं का मले घास जात नाई. म्हंतो मी, आपलीच तर नसन? आनि परवा तो घुमट पाह्यला..."

ती रडली नाही. चारुशीलाच डोळे पुसत होती.

मी चौतीस वर्षं सगळं मोजलं. सळयांमधलं अंतर, पाण्याचं तापमान, बर्फाची वजनं. आणि त्या दिवशी पाच वस्तू मी मोजल्या नाहीत. बोचकं उघडून पाहिलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं, आणि या बाईची सोळा वर्षं वाचली असती. मला स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी एवढं हायसं वाटलं की हसू फुटलं.

"हसता काऊन?" ती म्हणाली.

"मथुराबाई, आपुन काँक्रीटमंधी खडी टाकत होतो, ती केवढी होती?"

तिनं बोटांनी दाखवली.

"म्हंजे सुपारीएवढी. तशा लाखो खड्या हायेत त्या भिंतीत. एक सुपारी त्यातच बसली."

"खडी दगडाची," ती म्हणाली. "सुपारी झाडाची."

माझ्या हाताखालच्या किती इंजिनियरांना हे सुचलं असतं, देव जाणे.

"बराबर हाय," मी म्हणालो. "झाडाची हाय, ती सुकन, आकसन. तिच्या आसपास केसाएवढी पोकळी राह्यन. भिंत दोन हात जाड हाय. मुठीएवढं बोचकं राह्यलं असतं, कापडासगट, त्या पाइपाले चिकटून, तं माह्यी झोप गेली असती. तिथं पुढं तो दोर ताणला तवा तिथलंच काँक्रीट चिरडलं असतं. ते तुमी काढलं. सुपारीनं काई होत नाई. आनि हे मी मनानं सांगून नाई राह्यलो. आमी तपासलं."

मग मी तिला तपासणीचं सांगितलं. भिंत आणि घुमट पुरे झाले, दोर ताणून झाले, तेव्हा सगळी दारं बंद करून आत पंपानं हवा भरली. आत मोठ्यात मोठा अपघात झाला तर जेवढा जोर येईल त्याहूनही जास्त जोराची. दिवसेंदिवस भरत होतो. बाहेरून माणसं पाळण्यात लटकून भिंग घेऊन भिंत बघत होती. केसाएवढ्या भेगा कुठं पडल्या ते खडूनं लिहीत होती. त्या टप्प्याची भिंत मी दुसऱ्या कुणाला बघू दिली नाही. स्वतः पाळण्यात बसलो. तिथं दोन बारीक भेगा आल्या. हवा सोडली तशा त्या मिटल्या. भिंत पुन्हा जिथल्या तिथं.

"मिटल्या?" मथुराबाई म्हणाली.

"मिटल्या. आवळलेली हाय ना ती."

"आमी कुठं होतो तवा?"

"तुमी गेल्ते निघून. दुसऱ्या कामावर."

"आमाले कोनी सांगतलं नाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मला मात्र ते लागलं. भिंत उभी करणारी चाळीस माणसं, आणि भिंत टिकली हे त्यांच्यापैकी एकालाही कुणी कळवलं नव्हतं. एका पोस्टकार्डाचं काम होतं.

"मंग तुमी तवा काऊन म्हनत होते, काडीबी चालत नाई?"

"एक चालते म्हनलं असतं तं लोकांनी दहा टाकल्या असत्या."

ती विचार करत राहिली आणि मग पहिल्यांदा हसली. "हे बराबर केलं," ती म्हणाली. पंकज आत जाऊन ताट मांडायला लागला. मलाही वाटलं, झालं, मिटलं. मग जे सोळा वर्षं राहून गेलं होतं ते मी बोलून टाकलं.

"मथुराबाई, तुमचे आभार मानायचे राह्यले होते. तुमी त्या दिवशी धावत आल्या नसत्या तं ते बोचकं आतच राह्यलं असतं आनि वर माह्यी सही असती. मी तुमाले नाई नाई ते बोललो. तुमच्यामुळं मी आज घरी बिनघोर झोपतो. लै उपकार झाले."

"उपकार कायचे साहेब. काम होतं," ती म्हणाली. "रजिस्टरात तुमी काय लिवलं?"

"कशाचं?"

"त्या दिवशीचं. ओटी निघाली ते."

"पूर्णपणे काढली, असं."

"मंग ते खोटं झालं."

तिनं हातातला पदर सोडून दिला.

"आता खरं लिवा," मथुराबाई म्हणाली.

मी तिला समजावलं. रजिस्टर आता माझ्या हातात नाही. मी निवृत्त झालो. सुपारीनं काही बिघडत नाही हे मी आत्ताच सांगितलं. पत्र पाठवलं तर कुणीतरी नवा पोरगा फाइल काढेल, चार प्रश्न विचारेल, उगाच बैठक बसेल. हे सगळं खरं होतं, पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं आणि ते मी बोललो नाही. चौतीस वर्षांत माझ्या एकाही नोंदीवर कुणी बोट ठेवलेलं नाही. निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी हेच वाक्य माईकवरून सांगितलं होतं, आणि ते मला भारी आवडलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "ती कुठं हाय हे मलेच ठाऊक. मी मेली तर कोन सांगन? उद्या तुमच्यावानी दुसरा कोनी साहेब तिथं भिंग घेऊन पाह्यन, त्याले दिसलं काई, तर तो बिचारा शोधत बसन का हे काय हाय म्हनून."

तुम्हाला सांगतो, गुणवत्ता तपासणीवर मी स्वतः दोनशे पानांचं टिपण लिहिलं आहे. त्याचं सार या बाईनं एका वाक्यात सांगितलं होतं. चारुशीलानं काही न बोलता पर्समधून पेन काढला आणि माझ्यापुढे धरला. पंकजनं त्याच्या पोरीच्या वहीतली रेघांची पानं फाडून आणली.

मी लिहायला लागलो. ढलाईची तारीख, टप्पा, उंची, सगळं मला पाठ होतं. जागा तिनं सांगितली. "मोठ्या दारातून आत आलं का उजव्या हाताले, तिसऱ्या आनि चौथ्या पाइपाच्या मधात, बाहेरच्या सळईले लागून." मी लिहिलं: एक सुपारी, अखंड. माझी त्या दिवशीची नोंद अपुरी होती, काढलेल्या वस्तू मी मोजल्या नव्हत्या, दोष माझा. हे वाक्य लिहिताना पेन अडखळेल असं मला वाटलं होतं. अडखळला नाही. उलट चढ संपल्यावर वाटतं तसं वाटलं. मग खाली: वरील माहिती साफसफाई कामगार मथुराबाई, राहणार बोथ, यांनी स्वतःहून दिली, काँक्रीट थांबवण्याची सूचनाही त्यांचीच होती.

मी सगळं वाचून दाखवलं. "'मथुराबाईंना सळयांच्या जाळीत उलटं सोडण्यात आलं आणि त्यांनी वस्तू बाहेर काढली.'"

"थांबा," ती म्हणाली. "सोडन्यात आलं म्हंजे? कोनी सोडलं?"

मी आठवायला लागलो. घड्याळाचे काटे आठवले. पंपाच्या नळीतून ठिबकणारं काँक्रीट आठवलं. जाळीतून वर आलेले तिच्या पायांचे दोन तळवे आठवले, भेगाळलेले, सिमेंटनं पांढरे. पण ते कुणाच्या हातात होते? मला काही केल्या आठवेना.

"ध्यानात नाई," मी म्हणालो.

"दादाजीनं धरले होते," मथुराबाई म्हणाली. "एकल्यानं. दोन मानसं उभे राहतीन एवढी जागाच नव्हती. सळया त्याच्या मनगटात रुतल्या होत्या, रक्त माह्या पोटऱ्यावर वघळत होतं. हात सुटला असता तं मी बी तिथंच राह्यली असती. पन सोडलं नाई त्यानं." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "तुमी घड्याळ पाहून राह्यले होते."

पंकज ताट घेऊन उंबऱ्यात उभा होता. त्यालाही हे नवीन असावं.

मी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: त्यांचे पाय त्यांचे पती दादाजी यांनी एकट्यानं धरून ठेवले होते. वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, मी पुन्हा वाचलं.

"हे कागद किती वर्स ठेवतेत, साहेब?"

"भिंत उभी हाय तोवर. त्याच्या मागूनबी."

"असं खोडून नका देऊ मंग," मथुराबाई म्हणाली. "साफ लिवा. आनि दादाजीचं नाव जरा मोठं काढा."

मी नवं पान घेतलं आणि तारखेपासून पुन्हा लिहायला सुरुवात केली. पंकजनं ताट तिच्यापुढे ठेवलं, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. माझा पेन नावापाशी येईपर्यंत ती थांबली होती. नाव लिहून झालेलं पाहिलं, आणि मग तिनं घास घेतला.